करून थकलेला हात आणि उगारलेला हात

म्हाताऱ्या आईवर मुलाने हात टाकल्याची बातमी आली की पहिला दिवस संतापात जातो. दुसऱ्या दिवसापासून समजूतदार माणसे बोलू लागतात. ज्याचे जळते त्याला कळते, असे ती म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वर्षानुवर्षे करायचे, रात्री चार-चारदा उठायचे, एकच गोष्ट दहा वेळा सांगायची, त्यात नोकरी, मुलांच्या परीक्षा, घराचे हप्ते. अशात एखाद्या वेळी तोल गेला तर त्या मुलाला राक्षस ठरवू नका. पक्षाघाताने पडून असलेल्या बायकोला शिवीगाळ करणाऱ्या नवऱ्याबद्दल आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलीला खोलीत कोंडून ठेवणाऱ्या घराबद्दलही हेच बोलले जाते. दरवर्षी १५ जूनला ज्येष्ठांवरील अत्याचारांविरुद्धचा जागतिक दिवस पाळला जातो, तेव्हा व्यासपीठावरूनही हाच सूर लागतो आणि उपायही त्याच ओघात येतात. काळजी घेणाऱ्याची काळजी घ्या, त्याला समुपदेशन द्या, पिढ्यांमधला संवाद वाढवा, मुलांवर संस्कार करा.

हे मत दयाळू आहे आणि म्हणूनच ते इतके पसरले आहे. माझ्या मते ते बहुतांशी चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत मार खाणाऱ्यालाच मोजावी लागते. कारण एकदा हिंसेचे मूळ सेवेच्या भारात आहे असे मानले, की जो भार आहे तोच दोषी ठरतो. आजीने इतक्या वेळा बाथरूमला जायला नको होते, मुलीने इतके ओरडायला नको होते, असे कोणी उघड म्हणत नाही. पण युक्तिवाद जाऊन पोचतो तिथेच.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. या विषयाची वैद्यकीय चर्चा सुरू झाली इंग्लंडमध्ये, १९७५ साली. बर्स्टन नावाच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला एक पत्र लिहिले. मुलांना होणाऱ्या मारहाणीविषयी इतके बोलले जाते, तशीच मारहाण म्हाताऱ्या माणसांनाही जाणूनबुजून होत असते हे आता डॉक्टरांनी ओळखायला हवे, असा त्याचा आशय होता. पत्र धाडसाचे होते. मात्र तुलना लहान मुलांशी झाल्यामुळे पुढच्या विचारालाही तेच वळण लागले. मूल जसे आईबापांवर सर्वस्वी अवलंबून, तसा म्हातारा मुलांवर. अमेरिकेत सुझॅन स्टाइनमेट्झ यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून हे सूत्र पुढे नेले. मधल्या पिढीतली बाई एकीकडे आपली मुले आणि दुसरीकडे म्हातारी माणसे यांच्यात सापडते, म्हाताऱ्यांचे परावलंबन वाढत जाते, ताण असह्य होतो आणि त्यातून अत्याचार घडतो. ऐकताक्षणी पटावे असे हे म्हणणे आहे, आणि आपल्याकडच्या व्याख्यानांतून आज जे ऐकू येते ते मुळात हेच.

याला पहिला मोठा धक्का दिला कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञाने. १९८५ साली त्यांनी साधी पण त्या वेळी कोणी न केलेली गोष्ट केली. ज्यांना घरात मारहाण झाली असे ज्येष्ठ आणि ज्यांना झाली नाही असे ज्येष्ठ, यांची त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. ताणाचे सूत्र खरे असते तर मार खाणारे अधिक आजारी, अधिक परावलंबी निघायला हवे होते. तसे ते निघाले नाहीत. फरक दिसला तो दुसऱ्या बाजूला. मारणारी माणसे त्या म्हाताऱ्यांवरच अवलंबून होती, पैशासाठी आणि राहत्या जागेसाठी. १९८८ मध्ये पिलेमर आणि डेव्हिड फिंकलहोर यांनी बॉस्टनमधल्या २,०२० ज्येष्ठांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात आणखी एक समज ढासळला: अत्याचार करणाऱ्यांत मुलांपेक्षा जोडीदारांचे प्रमाण जास्त होते. पुढच्याच वर्षी या दोघांनी कारणांचा पुन्हा शोध घेतला. उत्तर तेच आले. थकलेल्या सेवेकऱ्यापेक्षा मारणाऱ्याच्या स्वतःच्या अडचणी आणि त्याचे परावलंबन हेच ठळक कारण होते.

हे परक्या देशातले आणि जुने आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचे आणि सगळ्या जगाचे आकडे घेऊ. २०१७ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २८ देशांतल्या ५२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. साठीपुढच्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कोणता ना कोणता अत्याचार सोसावा लागतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याच्याच आधाराने. पण त्या सहातल्या एकाखाली जी फोड आहे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मानसिक छळ ११.६ टक्के, आर्थिक पिळवणूक ६.८ टक्के, हेळसांड ४.२ टक्के, मारहाण २.६ टक्के, लैंगिक अत्याचार ०.९ टक्के. थकवा हेच मूळ असते तर सर्वांत वर हेळसांड असायला हवी होती, कारण थकलेल्या माणसाच्या हातून पहिली चूक होते ती करायचे राहून जाण्याची. पैसे काढून घेणे थकव्यातून होत नाही. बँकेची रांग लावून, सही घेऊन, एटीएमचा आकडा लक्षात ठेवून ते करावे लागते.

आता आपल्या घरांत या. मुंबई-पुण्यात राहती जागा एका माणसाच्या कमाईत बसेनाशी होऊन बराच काळ लोटला. वडिलांच्या नावावर दोन खोल्या असतात, त्यांचे निवृत्तिवेतन ठरल्या तारखेला जमा होते, आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलाचे काम सुटलेले असते किंवा दारूने सोडवलेले असते. भरल्या वयात हातखर्चासाठी बापापुढे हात पसरावा लागतो. तोच हात पुढे उगारला जातो. पासबुक त्याच्याकडे, कार्ड त्याच्याकडे, हयातीचा दाखला द्यायला वडिलांना रिक्षात बसवून नेणाराही तोच. वर्षातून एकदा बाप जिवंत असल्याचे बँकेला दाखवायचे आणि बाकीचे दिवस त्याच्याशी मेल्यासारखे वागायचे, अशी घरे आहेत. यात सेवेचा भार कुठे आहे? म्हातारा स्वतःचे सगळे स्वतः करतो आहे, वर मुलालाही पोसतो आहे.

गावाकडे खोल्यांच्या जागी जमीन येते. सात-बाऱ्यावर अंध भावाचे नाव असते, विधवा आत्याचे असते. हक्कसोडपत्रावर अंगठा होईपर्यंत त्यांना जेवायला पाटावर बसवतात आणि अंगठा झाला की ताट पडवीत येते. संजय गांधी निराधार योजनेचे किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात, ही तर तालुक्याच्या कोणत्याही बँकेतल्या माणसाला माहीत असलेली गोष्ट आहे.

मराठी मनाला हे मुळीच नवे नाही. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून आपण कृतघ्न मुलांवर रडत आलो आहोत. त्यातला घटनाक्रम मात्र आपण नजरेआड करतो. गणपतराव बेलवलकर अंथरुणाला खिळल्यामुळे मुलांना जड झालेले नाहीत. आधी ते आपले सगळे वाटून टाकतात, आणि मग त्यांची परवड सुरू होते.

कायदा करणाऱ्यांनी हा क्रम ओळखला होता. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या अधिनियमात कलम २३ त्यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येते. अडचण अटीची झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात म्हटले की हस्तांतरण अशा अटीवर झाले होते हे दिसले पाहिजे. बक्षीसपत्र करणारे आईबाप तर प्रेमाने आणि आपखुषीने देत आहोत असेच लिहून देतात. मुलाला अट घालायची त्यांना लाज वाटते. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने अधिक उदार अर्थ लावला, कायद्याचा हेतू पाहिला आणि तिचे घर तिला परत दिले. निकाल स्वागतार्ह आहे, पण तिथवर पोचेपर्यंत तिला चार पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. आपल्या राज्यात मुलाला, मुलीला किंवा नातवाला राहते घर वा शेतजमीन बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. देणे इतके सोपे करून ठेवले, आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी म्हाताऱ्याला दोन मिनिटे बाजूला घेऊन ‘आजोबा, यानंतर तुम्ही राहणार कुठे?’ एवढे विचारण्याची सोय मात्र कुणी केली नाही. हा प्रश्न विचारणे सक्तीचे केले तर जेवढी हिंसा टळेल तेवढी शंभर व्याख्यानांनी टळणार नाही, असे मला वाटते.

पूर्वपक्षात एक खरा अंश आहे, तो नाकारून चालणार नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी ताण अतोनात असतो. लंडन आणि एसेक्समधल्या २२० घरच्या सेवेकऱ्यांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांनी, म्हणजे ५२ टक्क्यांनी, आपल्याकडून काही ना काही वाईट वागणे झाल्याचे कबूल केले, आणि त्यातले बहुतेक ओरडण्याचे, टाकून बोलण्याचे होते. मारहाणीची कबुली मात्र शंभरात एक-दोघांचीच होती. म्हणजे इतक्या टोकाच्या थकव्यातही जीभ सुटते, हात सहसा सुटत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच भागात पुढे २६० सेवेकऱ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना ताण हाताळण्याचे शिक्षण दिले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आले: त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झाले. चांगलेच झाले. पण नंतर त्याच माणसांचे रुग्णाशी वागणे तपासले, तेव्हा शिक्षण न मिळालेल्यांपेक्षा ते सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. ताणाचे सूत्र जिथे सर्वांत खरे ठरायला हवे, त्या त्याच्या स्वतःच्या अंगणातही ताण उतरल्याने वागणे बदलत नसेल, तर बाकीच्या घरांबद्दल काय बोलावे?

सेवा करणाऱ्याला विसावा मिळालाच पाहिजे. तो त्याचा स्वतंत्र हक्क आहे. ज्या बायका कधी कुणावर ओरडल्याही नाहीत त्यांना तो आधी मिळाला पाहिजे, आणि अशाच बायका जास्त आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे त्या कामात घालवतात आणि पुरुष ७६ मिनिटे, असे आढळले. स्वयंपाक-धुणीभांडी वेगळी, त्यात २९९ मिनिटे आणि ९७ मिनिटे असा फरक. आणि हे पुरुषही ‘देखभाल करतो’ म्हणणारे. न करणारे या हिशेबात नाहीतच. थकव्याने हात उगारला जात असता तर या देशात रोज संध्याकाळी बायकांनी घरेच्या घरे बडवून काढली असती. शिवाय थकलेला माणूस लोकलमधून उतरतो, साहेबाचे बोलणे ऐकून घेऊन आलेला असतो, तिथे त्याचा तोल जात नाही. कुणावर हात टाकला तर अंगाशी येणार नाही, हे त्याच्या हाताला पक्के ठाऊक असते.

दिव्यांग माणसांच्या बाबतीत तर हे अधिकच उघड दिसते. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार दिव्यांग प्रौढांवर हिंसा होण्याची शक्यता इतरांच्या दीडपट असते, मानसिक आजार असलेल्यांवर ती जवळपास चौपट. बालकांचे गुणोत्तर ३.७ पट निघाले. आपल्या जनगणनेत २०११ साली दिव्यांग म्हणून नोंदले गेलेले २ कोटी ६८ लाख, त्यांतले सुमारे २९ लाख ६० हजार महाराष्ट्रातले. यांच्यावर होणाऱ्या हिंसेला पुष्कळदा वळही उठत नाही. व्हीलचेअर अंथरुणापासून चार फुटांवर ठेवली की माणूस जागेवर बांधला जातो, दोरी लागत नाही. वॉकर माळ्यावर जातो. श्रवणयंत्राचे सेल आणायचे महिनोन्महिने राहून जाते. मोबाइल रिचार्ज होत नाही. आणि सर्वांत जास्त घरांत चालणारी गोष्ट म्हणजे पाणी: दुपारनंतर पाणी द्यायचे नाही, म्हणजे रात्री लघवीला न्यावे लागत नाही. ओठ सुकतात, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, डॉक्टर औषध लिहून देतात, आणि ते गिळायला पुन्हा एवढेसे पाणी.

हे मी भडक करून सांगत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ उघडून कलम ९२ वाचा. दिव्यांग माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून त्याला अन्न किंवा पाणी नाकारणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या साहाय्यक साधनाची मोडतोड करणे किंवा ते वापरण्यात अडथळा आणणे, हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. कलम लिहिणाऱ्यांना व्हीलचेअरचे ते चार फूट ठाऊक होते. आपल्या समुपदेशकांना मात्र त्या चार फुटांत ताण दिसतो. थकलेल्या माणसाला खुर्ची जवळ असणे सोयीचे. ती मुद्दाम लांब ठेवणारा थकलेला नसतो, तो हुकमत गाजवत असतो.

या सगळ्याची मोजदाद कशी होते ते पाहिले की समज का टिकून राहतो हे कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न विचारतात ते १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांना. पन्नाशी ओलांडली की बाई त्या तक्त्यातून बाहेर. तीस वर्षे मारणारा नवरा त्या वाढदिवसाला थांबतो असे कुणालाच वाटत नसेल, पण आकडा तिथे थांबतो. मग सत्तरीतल्या बाईच्या अंगावरचा वळ दिसला की तिचे म्हातारपण आठवते, लग्न आठवत नाही. उलट बाजूने, पोलिसांची काळजी पाहा. मोठ्या शहरांत पोलीस ठाणी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवतात, त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करतात. काम चांगले आहे. चोर-दरोडेखोरांपासून त्याने रक्षण होते. पण जिच्या उशाशी मारणारा झोपतो ती बाई एकटी राहत नाही, म्हणून ती यादीत नाही.

इथे काही जण एकत्र कुटुंबाची ढाल पुढे करतील. पूर्वी घरात पंधरा माणसे असत, म्हातारे सुखात असत, हे विभक्त कुटुंबाचे पाप, असे ते म्हणतील. एवढेच विचारतो की धोंडो केशव कर्व्यांना १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढावा लागला तो कोणत्या कुटुंबपद्धतीतल्या विधवांसाठी? त्या विधवा भरल्या घरांतूनच आल्या होत्या. मोठ्या घरात साक्षीदार पुष्कळ असतात, पण सगळ्यांचे पोट एकाच कर्त्याच्या हातात असले की साक्ष कुणी देत नाही.

ताणाच्या सूत्राचे आणखी एक फळ आहे, ते सुनेच्या पदरात पडते. सेवा कोण करते? सून. ताण कुणाला? सुनेला. मग हिंसाही तिचीच, असा हिशेब होतो. आपल्याकडच्या पाहण्यांत मुलगा आणि सून दोघांचीही नावे येतात हे खरे आहे, आणि छळ करणाऱ्या सुनाही आहेत. पण म्हाताऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा सुनेला बाहेर काढण्याचे हत्यार म्हणून वापरला जातो, हेही तितकेच खरे. बेंगळुरूच्या वनिता प्रकरणात, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगावे लागले: ज्येष्ठांचा कायदा आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यांचा मेळ घालून वाचा, एकाच्या नावाखाली दुसऱ्यातला निवासाचा हक्क बुडवू नका. मारतो मुलगा आणि घर सोडायची सून, असे होता कामा नये. ज्याचा हात, त्यालाच उत्तर द्यायला लावले पाहिजे.

मग हिंसा टाळायची कशी? ती परावलंबनाच्या आणि ताब्याच्या पोटी जन्मत असेल तर पहिला उपाय ताबा सुटू न देण्याचा. हयातीत बक्षीसपत्र करू नये, मृत्युपत्र करावे. करायचेच झाले तर सांभाळाची अट आणि हयातभर राहण्याचा हक्क त्याच कागदात लिहून घ्यावा. निवृत्तिवेतनाचे, दिव्यांग अनुदानाचे खाते माणसाच्या एकट्याच्या नावावर असावे, आणि अंगठा लावणाऱ्याला रक्कम मोठ्याने सांगून त्याच्याच हातात द्यावी, हे बँकेने पाळावे. एका माणसाच्या हाती जेवण, औषध, पैसा आणि दार अशी चारही सूत्रे जाऊ देऊ नयेत. बाहेरचा कुणीतरी, आशा ताई असो, फिजिओथेरपिस्ट असो, भजनी मंडळातली मैत्रीण असो, नेमाने घरात येत राहिला पाहिजे.

डॉक्टरांविषयी थोडे अधिक बोलायला हवे. दवाखान्यात आजी खुर्चीवर बसलेली असते, मागे मुलगा उभा असतो, आणि डॉक्टर आजीच्या डोक्यावरून मुलाला विचारतात, ‘झोप लागते का यांना? खातात का नीट?’ दंडाच्या आतल्या बाजूची निळी खूण बीपीचा पट्टा बांधताना दिसते. ‘पडल्या’ असे मागून उत्तर येते आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तळवा आणि मनगट दुखावते. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांची खूण घट्ट धरल्याने उमटते. मुलाला पाच मिनिटे बाहेर बसायला सांगणे आणि आजीच्या कानाशी वाकून ‘घरी कुणाची भीती वाटते का?’ विचारणे, यासाठी कसलाही निधी लागत नाही. मूकबधिर बाई असेल तर दुभाषा तिच्या घरचा नसावा, एवढे मात्र पाळावे लागेल.

शेजाऱ्यांनाही आपल्या हातात काय आहे ते माहीत नसते. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे घरातल्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारालासुद्धा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कोणताही दावा लागत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. त्या कायद्यात आईसुद्धा मुलाविरुद्ध दाद मागू शकते. पूर्वी प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असावा लागे, मुंबईतल्याच एका आई-मुलीच्या हर्सोरा प्रकरणात ऑक्टोबर २०१६ मध्ये ते शब्द सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. वानवा आहे ती फोन झाल्यानंतरच्या जागेची. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या सखी केंद्रात बाईला आसरा मिळतो, पण व्हीलचेअरवरच्या बाईला उतार नसल्याने दारातच थांबावे लागत असेल तर तो आसरा तिच्यासाठी नाहीच. आणि मार खाणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषाला तर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही लागू नाही.

कायद्याने माया निर्माण होत नाही, हा शेवटचा आक्षेप नेहमी येतो. बरोबर आहे, पण मायेसाठी कुणी कायद्याकडे जातही नाही. दुपारनंतर पाणी मिळावे, कार्ड आपल्या उशाखाली असावे, एवढेच मागणे असते. त्याच्याच जोडीला दुसरे म्हटले जाते की म्हातारी माणसे स्वतःच तक्रार मागे घेतात. घेतात, खरे आहे. पण त्यांच्यापुढे आपण काय ठेवतो? एक तर मुलाला कोठडी, नाही तर स्वतःला वृद्धाश्रम. पोटचा पोर तुरुंगात पाहायचा किंवा पन्नास वर्षे राहिलेले घर सोडायचे, यांतून निवडायला लावले तर कोणतीही आई तक्रारीच्या कागदावर काट मारेल. २००७ च्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणासमोर वकील लागत नाही, प्रांताधिकारी ऐकून घेतात, नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. पण पोटगीची कमाल मर्यादा तेव्हा महिना १०,००० रुपये होती ती आजही तेवढीच आहे. ती काढण्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक तसेच बारगळले. आणि मुळात जो मुलगा बापाच्या निवृत्तिवेतनावर जगतो त्याच्याकडून पोटगी कसली घेणार? तिथे हवा आहे तो वेगळा आदेश, आणि तो देण्याची सोय कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्या मुलाला घराबाहेर राहायला सांगू शकतात. गरज पडल्यास जागा रिकामी करून घेण्याचा अधिकार ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. असा आदेश अटकेची धमकी न देता, पहिल्याच महिन्यात, साध्या मराठीत मिळायला हवा: मुलाने अमुक तारखेपर्यंत जागा सोडावी, बँकेचे कार्ड आणि पासबुक आईच्या हातात द्यावे, सून आणि नातवंडे राहू इच्छित असतील तर राहावीत, आणि त्याला भेटायला यायचे असेल तर आईने दार उघडले तरच आत यावे.